थंडीच्या दिवसांत टोर्नाडो होऊ शकतो का? अर्धापूरच्या केळी बागायतदारांसाठी माहिती

होऊ शकतो. मात्र कोरड्या, कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर थंडी मोडून हवा दमट झाल्यावर.

टोर्नाडो कसा तयार होतो?
टोर्नाडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत आलेला, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. उन्हाळ्यात रानात उठणारी वावटळ वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून निरभ्र आकाशातही उठते. टोर्नाडोसाठी जमिनीलगत उबदार व दमट हवा, वरच्या थरात थंड हवा आणि उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत मोठा फरक लागतो. अमेरिकेतील केंटकी राज्यातले मेफिल्ड शहर १० डिसेंबर २०२१ च्या रात्री टोर्नाडोने उद्ध्वस्त झाले. त्या दिवशी तेथील हवा डिसेंबरच्या मानाने बरीच उबदार होती.

मराठवाड्यात काय होते?
आपल्याकडे टोर्नाडो अगदी क्वचित. पण उत्तरेकडील पश्चिमी झंझावाताची थंड हवा वर आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा खाली, असा मेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बसतो. त्यातून गारपीट व सोसाट्याचा वारा येतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये, तसेच ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मराठवाड्याने हे अनुभवले आहे.

बाग पडल्यावर झाडांची दिशा पाहावी. झाडे एकाच दिशेने किंवा पंख्यासारखी पसरून पडली असतील, तर तो ढगातून खाली कोसळलेला वारा असतो. अरुंद पट्ट्यात झाडे पिळवटून, एकमेकांकडे पडली असतील, तर फिरत्या वाऱ्याची शक्यता असते.

आधी काय करावे?
- रात्रीची थंडी अचानक कमी झाली, दमटपणा वाढला व दुपारी उंच ढग चढू लागले, तर सावध व्हावे. परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आणि 'मेघदूत', 'दामिनी' ही ॲप पाहावीत.
- निसवलेल्या झाडांना घड झुकतो त्या बाजूने बांबूचा टेकू द्यावा किंवा पट्टीने बांधावे.
- वादळाचा इशारा असताना पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत झाड लवकर उन्मळते.
- नवीन लागवडीत बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट वारारोधक ओळ लावावी.
- वीज कडाडत असताना बागेत थांबू नये.

नंतर काय करावे?
- साचलेले पाणी काढावे. फाटकी पाने सरसकट कापू नयेत. पूर्ण मोडलेलीच काढावीत, कारण उरलेल्या हिरव्या पानांवरच घड भरतो.
- गारांच्या जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाणी, स्टिकर मिसळून फवारावे.
- झाड मोडले असल्यास जोमदार एक पील राखून खोडवा घेता येतो.
- गारपिटीचे विमा संरक्षण घेतले असल्यास ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी. फोटो काढल्याशिवाय पडलेली झाडे हलवू नयेत.