गाण्यांच्या फाइलींची नोंदवही : टॅग संपादक

संगणकावर साठविलेल्या गाण्याच्या फाइलीत गाण्याचे शीर्षक, गायक, संगीतकार, वर्ष इत्यादी माहिती लिहिणारी, ती दुरुस्त करणारी आणि तिच्या आधारे फाइलींना नावे देणारी छोटी संगणकप्रणाली म्हणजे टॅग संपादक. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय घरांत संगणक आला आणि त्यापाठोपाठ एमपीथ्री गाण्यांच्या सीडी आल्या. या प्रणालीची गरज तेव्हापासून भासू लागली.

१२८ किलोबिट प्रतिसेकंद या प्रचलित दर्जाच्या एमपीथ्री फाइलीत एका मिनिटाचे संगीत सुमारे एक मेगाबाइट जागा घेते. त्यामुळे ७०० मेगाबाइटच्या एका सीडीवर पाच मिनिटांची सुमारे १४० गाणी मावत. कॅसेटच्या वेष्टनावर गीतकार व संगीतकारांची नावे छापलेली असत. गाणी संगणकावर उतरताना ती नावे बहुधा मागेच राहिली, आणि हाती उरल्या 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा निनावी फाइली.

१२८ बाइटची चिठ्ठी

ही उणीव दूर करण्यासाठी एरिक केम्प यांनी १९९६ मध्ये आयडीथ्री ही पद्धत सुचविली. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची, अशी ही साधी कल्पना होती. तीत 'टॅग' या खुणेसाठी ३, शीर्षक, कलाकार, अल्बम व शेरा यांसाठी प्रत्येकी ३०, वर्षासाठी ४ आणि संगीतप्रकारासाठी १ बाइट राखलेला होता. पुढे शेऱ्यातील दोन बाइट घेऊन गाण्याच्या क्रमांकाची सोय करण्यात आली.

संगीतप्रकारांची मूळ यादी ८० नावांची होती. तीत पोल्का होता; लावणी, भावगीत, अभंग वा नाट्यगीत नव्हते. त्याहून मोठी अडचण म्हणजे 'कलाकार' हा रकाना एकच होता. मराठी गाणे गीतकार, संगीतकार आणि गायक अशा तिघांच्या नावांनी ओळखले जाते. एका रकान्यात गायकाचे नाव लिहिले की उरलेली दोन नावे गळत.

सोलापूरचेच उदाहरण घेता येईल. उत्तर पेशवाईतील शाहीर रामजोशी हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्या जीवनावरील 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट १९४७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे असून, त्यात ग. दि. माडगूळकर यांच्या गीतांसोबत खुद्द रामजोशींच्या रचनाही आहेत. या गाण्यांच्या फाइलीत केवळ गायक आणि १९४७ हे वर्ष नोंदविले, तर शतकाहून अधिक काळ आधी शाहिराने केलेली रचना कोणती आणि माडगूळकरांचे गीत कोणते, हे पुढच्या श्रोत्यास कळण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरी आवृत्ती आणि देवनागरी

१९९८ मध्ये आयडीथ्रीची दुसरी आवृत्ती आली. तीत माहिती फाइलीच्या आरंभी ठेवली जाते, लांबीची जुनी मर्यादा नाही आणि संगीतकार व गीतकार यांना स्वतंत्र रकाने आहेत. संगीतप्रकारही आपल्या शब्दांत लिहिता येतो. शिवाय युनिकोडची सोय झाल्याने देवनागरी नोंदीचा मार्ग मोकळा झाला.

प्रत्यक्षात मात्र तो लगेच वापरात आला नाही. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची व्यवस्था नव्हती. विंडोज एक्सपीत 'मंगल' हा टंक होता. पण भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. त्या काळी प्रचलित असलेल्या जुन्या मराठी फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. टॅगमध्ये फॉण्ट साठविला जात नाही. म्हणून तशी नोंद गाणी वाजविणाऱ्या विनॅम्पसारख्या प्रणालीत निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसे. परिणामी बहुतेकांनी रोमन लिपी पत्करली आणि एकाच गायिकेचे नाव तीन-चार प्रकारे लिहिले जाऊ लागले. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलल्या जाणाऱ्या सोलापुरासारख्या शहरात हा गोंधळ अधिकच जाणवण्याजोगा होता.

कार्यपद्धती

जर्मनीच्या फ्लोरियन हायडेनराइख यांचा 'एमपीथ्रीटॅग' हा या वर्गातील सर्वपरिचित संपादक होय. अशा प्रणालीत गाण्यांचा संपूर्ण फोल्डर तक्त्याच्या रूपाने दिसतो. अनेक फाइली एकदम निवडून संगीतकाराचे नाव एकाच वेळी भरता येते. 'क्रमांक – शीर्षक – गायक' असा साचा दिल्यास टॅगवरून फाइलींची नावे तयार होतात. उलट, नीट नावे असलेल्या फाइलींवरून टॅगही भरता येतात.

क्रमांक दोन अंकी लिहिणे हिताचे असते. जुन्या संगणकांवर व अनेक वादकयंत्रांवर १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो. 'गीतरामायणा'सारख्या ५६ गीतांच्या कथाबद्ध मालिकेत त्यामुळे कथाच विस्कळीत होते. ०१ पासून क्रमांक दिल्यास ही आपत्ती टळते. एकगठ्ठा बदल करण्यापूर्वी फाइलींची प्रत काढून ठेवणेही आवश्यक, कारण चुकीचा साचा शेकडो फाइलींची नावे क्षणार्धात बदलू शकतो.

एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपुष्टात आला आणि शहरी श्रोते बव्हंशी इंटरनेटवरील संगीतसेवांकडे वळले. तरीही टॅग संपादकाचे काम संपलेले नाही. घरच्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेले आजीचे अभंग, वाड्यातील भजनी मंडळ किंवा स्थानिक शाहिराचा कार्यक्रम कोणत्याही सेवेच्या सूचीत सापडत नाही. तो आवाज कोणाचा आणि ते शब्द कोणाचे, हे ठाऊक असणारी माणसे घरात असतानाच रकाने भरून ठेवले, तरच ती नावे गाण्यासोबत पुढे जातील.