कूसीचा किल्ला व त्याचीं साधनें

फ्रान्सच्या उत्तर भागांत, एन प्रांतांत, लां व स्वासों या दोन शहरांच्या दरम्यान कूसी-ल-शातो नांवाचें सुमारें हजार वस्तीचें गांव आहे. गांवास लागून डोंगराच्या सोंडेवर एका किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. मध्ययुगीन युरोपांतील बलाढ्य दुर्गांत ज्याची गणना होत असे, त्या या किल्ल्याचा मुख्य बुरूज इ. स. १९१७ मध्यें जमीनदोस्त झाला. वास्तु नष्ट झाल्यावर तिच्याविषयीं निश्चयानें काय सांगतां येतें, व तें कोणत्या साधनांच्या बळावर, हें पाहण्यास कूसीसारखें दुसरें उदाहरण क्वचित् सांपडेल. म्हणून त्याचा वृत्तांत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या जागीं पहिली गढी दहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रँसचा आर्चबिशप एर्व्हे यानें बांधिली. पुढें हें ठाणें सरदार घराण्याकडे गेलें. आज ज्याचे अवशेष दिसतात तो किल्ला मात्र तिसऱ्या आंगेरांचा होय. हा इ. स. ११९१ पासून १२४२ पर्यंत कूसीचा धनी होता. त्यानें गांवाभोंवतीं बुरुजांचा तट घातला, सोंडेच्या टोंकास चार कोपऱ्यांवर चार बुरूज असलेला बालेकिल्ला उभारिला, आणि गांवाकडील बाजूस मुख्य बुरूज चढविला. या बुरुजाची उंची ५४ मीटर, व्यास ३१ मीटर व तळाशीं भिंतीची जाडी ७ मीटरांच्या जवळपास होती. आंत कमानींच्या छतांचे तीन मजले, पाण्याची विहीर, व बाहेर बुरुजापुरता निराळा खंदक. म्हणजे बाकीचा किल्ला पडला तरी हा एकटा लढावा अशी योजना होती.

या मापांचा अर्थ तुलनेवांचून कळत नाहीं. फिलिप ऑगस्त राजानें पॅरिस येथील लूव्रच्या किल्ल्यांत बांधिलेला मुख्य बुरूज सुमारें १५ मीटर व्यासाचा व ३० मीटर उंचीचा होता. कूसीचे नुसते कोपऱ्यांचे बुरूजहि व्यासानें याहून मोठे होते. मांडलिकाचा कोपरा राजाच्या बालेकिल्ल्यास मागें टाकितो, यावरून आंगेरांस राजपदाची हांव होती अशी दंतकथा रूढ झाली. नवव्या लुईच्या अल्पवयांत त्यानें सिंहासनावर डोळा ठेवून हें काम काढिलें, असें तींत म्हणतात. परंतु लुई गादीवर आला तो इ. स. १२२६ च्या अखेरीस. आणि बांधकामास प्रारंभ १२२० च्या सुमारास झाला, असें अभ्यासक सामान्यतः मानितात. तेव्हां त्या अल्पवयास या बांधकामाचें मूळ कारण म्हणतां येत नाहीं. घराण्याचें ऐश्वर्य व राजाशीं बरोबरी दाखविण्याची ईर्षा एवढें कारण आमच्या मतें पुरेसें आहे.

या बरोबरीचा निकाल पुढच्या पिढींत लागला. चौथ्या आंगेरांनें आपल्या रानांत शिकार केली म्हणून तीन तरुणांस चौकशीवांचून फांशीं दिलें. हे तरुण जवळच्या मठांत विद्या शिकण्यास राहिलेले होते. नवव्या लुईनें त्यास धरून आणविलें. सरदारांनीं रदबदली केल्यावर इ. स. १२५९ मध्यें जबर दंडावर त्याची सुटका झाली. सात मीटर जाडीची भिंत धन्यास राजाच्या न्यायासनापासून वांचवूं शकली नाहीं.

घराण्याचा शेवटचा प्रसिद्ध पुरुष सातवा आंगेरां. ओलीस म्हणून तो इंग्लंडांत राहिला, व इ. स. १३६५ मध्यें तिसऱ्या एडवर्डची कन्या इझाबेला हिच्याशीं त्याचा विवाह झाला. त्यानें किल्ल्यांतील दिवाणखाने वाढवून सजविले. इ. स. १३९६ च्या निकोपोलिसच्या लढाईंत तो तुर्कांच्या हातीं सांपडला व १३९७ मध्यें बुर्सा येथें कैदेंत वारला. त्याच्या कन्येनें १४०० मध्यें ही जहागीर ओर्लेआंचा ड्यूक लुई यास विकली, आणि त्याचा नातू बारावा लुई १४९८ मध्यें राजा झाल्यावर कूसी राजघराण्याकडे आलें.

किल्ल्यावर दोनदां सुरुंग लागले. फ्राँदच्या बंडाळींत इ. स. १६५२ मध्यें माझारँ यानें तो निकामी करविला. त्या वेळीं मुख्य बुरुजाचे आंतील मजले गेले, पण भिंती उभ्या राहिल्या. पुढें एकोणिसाव्या शतकांत व्हियोले-ल-द्यूक यानें त्यास लोखंडी पट्टे आवळून सांवरिलें. दुसरी वेळ मार्च १९१७ ची. जर्मन सैन्य मागें हटत असतां बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्ट यानें किल्ला राखावा अशी सूचना केली. लुडेनडॉर्फनें ती मानिली नाहीं. सुमारें २८ टन दारू लावून मुख्य बुरूज व चारी कोपऱ्यांचे बुरूज उडविण्यांत आले. त्या काळच्या तोफांपुढें या भिंतींस लष्करी किंमत उरली नव्हती, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या कृत्याचें स्वरूप स्पष्ट होतें.

आतां साधनांचा विचार. द्यू सेर्सो यानें इ. स. १५७६ च्या आपल्या ग्रंथांत कूसीचीं चित्रें दिलीं आहेत. तीं १६५२ च्या पूर्वींचीं असल्यामुळें छतें व दिवाणखाने यांविषयीं त्यांचें प्रामाण्य सर्वांत वरचें. व्हियोले-ल-द्यूक यानें भिंती प्रत्यक्ष मोजिल्या, म्हणून मापांविषयीं तो विश्वसनीय. परंतु बुरुजाचें माथें त्याच्या काळीं पूर्वस्थितींत नव्हतें, यास्तव माथ्याचीं त्याचीं चित्रें अनुमान म्हणूनच घ्यावीं. एकाच लेखकाचा एक भाग प्रमाण व दुसरा तर्क, हा विवेक न केल्यास तर्कच कालांतरानें इतिहास होऊन बसतो.

दगड अक्षय व कागद नाशिवंत, अशी सामान्य समजूत आहे. कूसी येथें नेमकें उलट घडलें: बुरूज गेला, व त्याचें रूप कागदानें राखिलें. पडक्या वाड्याचा नकाशा, गडाच्या मोजमापाची यादी, प्रवाशानें काढलेलें ओबडधोबड चित्र, असें कांहीं ज्यांच्या दप्तरांत असेल त्यांनीं तें क्षुल्लक समजून टाकूं नये. वास्तु उभी आहे तोंवर त्या कागदास कोणी विचारीत नाहीं. ती पडली म्हणजे दुसरा साक्षीदार उरत नाहीं.