सोन्यातील कीटक आणि अक्षरांतील अर्थ

अलंकारांच्या इतिहासात फुलापानांना जे मानाचे स्थान मिळाले, ते सहज समजण्यासारखे आहे. परंतु शेणात वावरणारा किडा, उष्ट्याखरकट्यावर बसणारी माशी आणि डंख करणारी मधमाशी यांनीही राजकुळांच्या सुवर्णालंकारांत प्रवेश मिळवावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. अशा अलंकारांची चर्चा बहुधा कारागिरीच्या अंगाने होत असते. आम्हांस येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. क्षुद्र जीवाला माणसाने दिलेला अर्थ कशाच्या आधारे टिकतो, आणि तो आधार सुटला म्हणजे अलंकाराचे काय होते?

प्राचीन ईजिप्तमधील शेणकिड्याचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. हा किडा शेणाची गोळी करून ती मागच्या पायांनी ढकलीत नेतो. त्याची मादी जमिनीखाली अशाच गोळीत अंडे घालते व यथाकाल तीतून नवा किडा बाहेर पडतो. अंडे दृष्टीस पडत नसल्यामुळे हा जीव आपला आपणच जन्मतो, अशी ईजिप्शियनांची समजूत झाली. ढकलल्या जाणाऱ्या गोळीत त्यांना आकाशातून सरकणारे सूर्यबिंब दिसले. उगवत्या सूर्याच्या खेप्री या देवतेचे नाव, शेणकिड्याचे चित्राक्षर आणि ‘होणे, अस्तित्वात येणे’ या अर्थाचा धातू ही तिन्ही एकाच शब्दकुळातील आहेत. म्हणूनच हा किडा अंगठीत, कंठ्यात व मुद्रेत बसला आणि मृताच्या छातीवरही ठेवला गेला. या ‘हृदय-भुंगेऱ्या’च्या पाठीमागे मंत्र कोरलेला असे. परलोकीच्या न्यायसभेत माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशी त्यात मृताने आपल्याच हृदयाला केलेली विनवणी असे. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तर असे मोठे भुंगेरे घडवून त्यांवर आपला विवाह, सिंहांची शिकार इत्यादी वार्ता कोरविल्या व त्या दूरदूर पाठविल्या.

हे वाचताना मराठी वाचकास कीटकभृंगन्यायाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कुंभारीण माशी आपल्या मातीच्या घरट्यात अळी आणून कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून माशीच बाहेर पडते. अळी ही माशीच्या पिलाचे भक्ष्य असते, हे पूर्वीच्यांस ठाऊक नव्हते. निदिध्यासाने अळीच तद्रूप झाली, असे त्यांनी मानले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत मधमाशी व पतंग यांच्याबरोबर ही घरटे बांधणारी माशीही आहे आणि एकनाथांच्या टीकेमुळे हा दृष्टांत मराठी घरांत पोचला. दोन्हीकडे निरीक्षण अपुरे होते आणि दोन्हीकडे त्यातून ‘होणे’ या कल्पनेचे प्रतीक निर्माण झाले. ईजिप्तमध्ये ते रत्नांत व सोन्यात कोरले गेले, आमच्याकडे ते ग्रंथांत राहिले.

माशीची कथा याहून विलक्षण आहे. इ.स. १८५९ मध्ये थीब्झ येथे अहहोतेप राणीची शवपेटिका सापडली. स्थानिक अधिकाऱ्याने ती परस्पर उघडून दागिने हस्तगत केले होते. फ्रेंच संशोधक मारिएत याने ते परत मिळविले. त्यांत एका साखळीत ओवलेल्या तीन मोठ्या सुवर्णमाश्या होत्या. राणीच्या गळ्यात माशी का, याचा उलगडा शिलालेखांनी होतो. अहमोस पेन-नेखबेत या योद्ध्याने राजांकडून मिळालेल्या पारितोषिकांची जी यादी आपल्या लेखात दिली आहे, तीत सोन्याच्या माश्या आहेत. हाकलली तरी पुन्हा पुन्हा चालून येणारी माशी चिवट सैनिकाचे प्रतीक ठरली असावी, असे अभ्यासक मानतात. १८२२ मध्ये शांपोलियोंने चित्रलिपीचा उलगडा केला नसता, तर या माश्या एक चमत्कारिक हौस म्हणूनच गणल्या गेल्या असत्या.

जेथे शब्दांचा आधार नाही, तेथे काय होते हे किल्डेरिक राजाच्या मधमाश्यांवरून दिसते. आजच्या बेल्जियममधील तुर्ने येथे १६५३ मध्ये पाया खणताना एका गवंड्याला फ्रँक लोकांच्या या राजाचे थडगे लागले. राजाचा मृत्यू इ.स. ४८१ च्या सुमाराचा. त्याची ओळख पटली ती अंगठीवर कोरलेल्या नावामुळे. त्याच थडग्यात तामड्याचे जडावकाम केलेल्या सुमारे ३०० सुवर्णमाश्या होत्या. त्यांच्याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. त्या मधमाश्या आहेत की रातकिड्यांसारखे ओरडणारे सिकाडा, याबद्दलही मतभेद आहेत. अर्थाची ही रिकामी जागा पुढे नेपोलियनने भरून काढली. बूर्बाँ घराण्याच्या कमळचिन्हाहून प्राचीन असे राजचिन्ह त्याला हवे होते. म्हणून १८०४ च्या राज्याभिषेकात त्याच्या वस्त्रावर मधमाश्या झळकल्या. त्यानंतर १८३१ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात चोरी झाली. चोरांनी बरेचसे सोने वितळविले आणि आज त्या माश्यांपैकी केवळ दोन उरल्या आहेत. बाकीच्यांचे रूप आपणांस ठाऊक आहे ते शिफले या वैद्याने १६५५ मध्ये सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करून ठेवला म्हणून. सोने गेले, पण कागद उरला!

क्रीट बेटावरील मालिया येथे १९३० मध्ये सापडलेले पदकही असेच मुके आहे. मधाच्या थेंबाभोवती समोरासमोर बिलगलेल्या दोन माश्या त्यात आहेत. वय साडेतीन हजार वर्षांहून अधिक. कारीगरी अप्रतिम, पण त्या काळच्या क्रीटच्या लिपी अद्याप वाचता आलेल्या नाहीत. तेव्हा ते लेणे कोणी व कोणत्या श्रद्धेने ल्याले, हे ते पदक सांगू शकत नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत चंद्र, शंख, कासव, मासा यांच्या पंक्तीला भुंगाही बसलेला आढळतो. साज ओळखणारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक पानडीचे नाव आणि प्रयोजन सांगणारी माणसे घरोघरी सापडत नाहीत. जुना दागिना मोडून नवा घडविण्याची आमची चाल आहे आणि तिला दोष देण्याचेही कारण नाही, कारण स्त्रीधनाचा तो उपयोगच आहे. परंतु मुशीत पानडी पडते तेव्हा तिच्याबरोबर एक मराठी शब्दही जातो, आणि त्याची नोंद कोणत्याच वजनकाट्यावर होत नाही.

ज्या शिक्षकांच्या वर्गात खेड्यापाड्यांतील, सीमाभागातील मुले बसतात, त्यांस हे काम अवघड नाही. मुलांनी आजीच्या तोंडून दागिन्यांची, त्यांच्या सुट्या भागांची नावे व त्यांविषयीच्या समजुती ऐकून वहीत उतरून आणाव्यात, स्थळ आणि घडणावळ लिहावी, जमल्यास आकृती काढावी. किल्डेरिकच्या माश्यांपाशी त्यांच्या काळचे असे एखादे पान असते, तर त्या सिकाडा होत्या की मधमाश्या, हा वाद आज उरला नसता.