बदामीचा तांबडा कडा

नांदेड-लातूरकडच्या माणसाला खडक म्हटला म्हणजे काळा पत्थर आठवतो. फार तर जांभा. वाळूचे कण एकमेकांस चिकटून, थरावर थर बसून घडलेला वालुकाश्म त्याच्या ओळखीचा नाहीं. त्या दगडाचे उभे, तांबडे कडे पाहावयाचे तर कर्नाटकांत, मलप्रभेच्या खोऱ्यांतील बदामी गांठावी. लातूरचें बदामीशीं नातें जुनें आहे, आणि तें फारसें गोड नाहीं. राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूरचे स्वामी म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर, असें बहुतेक संशोधक मानतात. याच घराण्यांतील दंतिदुर्गानें इ. स. ७५३ च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांचें राज्य बुडविलें.

बदामीचा दुर्ग त्याहून दोनशें वर्षांनीं जुना. पहिल्या पुलकेशीनें इ. स. ५४३ मध्यें तो बांधला व तशी नोंद कड्यावरच कोरविली. जागा मोठी नामी निवडली! खालीं गांव आणि तलाव; दोन्ही अंगांस ताठ तुटलेले डोंगर. वालुकाश्मास उभ्या भेगा पडतात. अशा भेगांतूनच पायऱ्या काढून वर जाण्याची वाट केलेली आहे. भिंतीसारखे खडक दोहों बाजूंस, मध्यें अरुंद घळ. वरून धोंडा सुटला तर खालच्यानें अंग चोरावें कोठें?

हा प्रश्न १७८६ सालीं हजारों शिपायांपुढें उभा राहिला. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे व निजाम एक झाले होते. नाना फडणीस स्वतः छावणींत हजर. हरिपंत फडके सेनापति. निजामाची फौज तहव्वुर जंगाच्या हाताखालीं होती, आणि नांदेड-लातूर तेव्हां निजामाच्याच मुलखांत. ग्रँट डफनें दिलेल्या हकीगतीप्रमाणें सुमारें तीन आठवडे तोफा चालल्या. अखेर २० मे रोजीं शिड्या लावून चढण्याचें ठरलें. वीस हजार माणूस निघाला. आंत साडेतीन हजारांची शिबंदी होती. तटाबाहेर तिनें दारूचे सुरुंग पेरून ठेवले होते; त्यांत पुष्कळ माणसें गेलीं, तरी शिड्या लागल्या आणि गांवाचा तट हातीं आला. शिबंदी वरच्या गडांत पळाली. पाठलाग करणारे घळींच्या तोंडाशीं भिडले मात्र, वरून प्रचंड शिळा गडगडत आल्या व बंदुकांचा भडिमार सुरू झाला. तरी ते चढत राहिले; पण गडांत शिरकाव झाला नाहीं.

पुढें शिबंदीनेंच, जिवाच्या अभयावर, गड स्वाधीन केला. एवढी माणसें अंगावर येतांना पाहून तिचें धैर्य खचलें होतें. बदामीचा कडा चढून गड घेतला, असें या विजयाचें वर्णन कोणी करील तर तें खरें नव्हे. चढले तो गांवाचा तट; कडा अजिंक्यच राहिला. १८१८ सालीं मन्रोनें बदामी घेतली तीहि तोफांनीं खालचा तट फोडून.

आतां पुण्या-मुंबईचीं व बंगळूरचीं तरुण मंडळी त्याच कड्यांवर दोर बांधून, खडकांत पोलादी खिळे ठोकून, केवळ चढण्याच्या हौसेनें चढतात. वरून शिळा लोटणारें कोणी नाहीं. धाक आहे तो पावसाचा. वालुकाश्म भिजला कीं कमजोर होतो, बोटांखालचा कंगोरा अवचित निखळतो. म्हणून पाऊस होऊन गेल्यावर जाणते गिर्यारोहक दगड वाळेपर्यंत दोर गुंडाळून तळाशीं बसून राहतात.