पेंग्विनांच्या मुलखात नागपूरकन्या

राजापेठेतील वैशाखाच्या उन्हात दक्षिण ध्रुवाकडील हिमनगांच्या गोष्टी आपणांस दूरच्या वाटतात. परंतु १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत नागपुरास जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया होत. आज हौशी प्रवासी पैसे मोजून तेथे पेंग्विन पाहावयास जातात. पंतबाईंचा विषय मात्र साध्या डोळ्यांस न दिसणाऱ्या सागरी वनस्पतींचा. आपल्या मेळघाटात गवतपाल्यावर सांबर व सांबरावर वाघ जगतो. तिकडे या वनस्पतींवर क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव, आणि क्रिलवर पेंग्विन व देवमासा. प्रवाशांच्या हौसेस आम्ही नावे ठेवीत नाही. पण पाण्यातले ते गवत तगले, तरच त्यांना पाहावयास काही उरेल.