खारघरच्या उपाहारगृहाची पाटी : नामकरण आणि ऐतिहासिक स्मृती

उपाहारगृहाचे नाव हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे साहजिक आहे. परंतु पाटी लावणाऱ्याने ती वाचणाऱ्याविषयी काय गृहीत धरले होते, हे पाटीवरून कळते. १९१० पासूनची परंपरा सांगणाऱ्या दादरच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हे विशेषण आहे. ‘आरोग्य भुवन’ हे नावही त्याच जातीचे. बाहेरचे अन्न खाण्याविषयी मध्यमवर्गाच्या मनात जो संकोच होता, त्यास दिलेले हे उत्तर होय. ‘ब्राह्मणांची खाणावळ’ अशीही पाटी असे. एकास जिच्यामुळे विश्वास वाटे, तीच दुसऱ्यास दारातून परत पाठवी. उपाहारगृहांतील प्रवेशावरील असे निर्बंध संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने बेकायदेशीर ठरविले. अप्रिय नावांचा इतिहास येथून आरंभिला पाहिजे, विनोदी पाट्यांच्या संग्रहातून नव्हे.

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे ‘हिटलर्स क्रॉस’ या नावाचे उपाहारगृह उघडण्यात आले. पाटीवर नाझींचे स्वस्तिकचिन्ह होते आणि आत हिटलरचे मोठे चित्र. नाव लक्षात राहावे, एवढाच हेतू असल्याचे चालकांचे म्हणणे होते. भारतातील ज्यू समाजाच्या प्रतिनिधींनी तीव्र आक्षेप घेतला, इस्राएलच्या मुंबईतील वकिलातीनेही नापसंती कळविली, आणि थोड्याच दिवसांत चालकांनी हिटलरचे नाव काढून टाकण्याचे मान्य केले.

चालकांचा हेतू दुष्ट होता असे मानण्यास आधार नाही; प्रकरणाचे महत्त्व नेमके त्यातच आहे. मराठी बोलण्यात कडक मुख्याध्यापकास किंवा हेकट वडिलांस ‘हिटलर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. अशा वापराने विशेषनामाचे सामान्यनाम होते, आणि त्यातील साठ लक्ष ज्यूंचा संहार गळून पडून केवळ करडा स्वभाव तेवढा उरतो. शिवाय स्वस्तिक हे येथे उंबरठ्यावर काढावयाचे मंगलचिन्ह. त्याच्या नाझी रूपाने युरोपीय मनास जो धक्का बसतो तो येथे सहजी बसत नाही. युरोपातील तो संहार दूरचा आहे, अशी समजूत यामागे दिसते.

ही समजूत मात्र स्थलदृष्ट्या चुकीची आहे. खारघर पनवेल तालुक्यात मोडते. रायगड जिल्ह्याचा हा किनारा बेने इस्राएलांची जन्मभूमी होय. तेलाचा घाणा चालविणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाई. त्याची मातृभाषा मराठी. खुद्द पनवेलमध्ये एकोणिसाव्या शतकातील ज्यू प्रार्थनामंदिर आहे. मुंबईत सॅम्युएल इझीकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले प्रार्थनामंदिर बांधले. नाझींच्या काळात मध्य युरोपातून निघालेल्या काही ज्यूंनीही मुंबईचाच आश्रय घेतला. आकाशवाणीच्या सुपरिचित आरंभधुनीचे श्रेय ज्यांस सामान्यतः दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये येथे आले ते याच लोंढ्याच्या आरंभी. तेव्हा ज्यांचे मन दुखावले ते कोणी परके नसून शेजारीच होते.

प्रत्येक आक्षेपास मात्र हेच वजन देता येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये वांद्र्याच्या ‘कराची स्वीट्स’वर नाव बदलण्याचा आग्रह झाला आणि दुकानदाराने पाटीवरील शब्द कागदाने झाकला. तेथे ‘कराची’ म्हणजे फाळणीत सिंध्यांचे सुटलेले घर. खारघरच्या पाटीने इतरांची स्मृती पुसली होती, तर वांद्र्याची पाटी स्वतःची स्मृती जपत होती. दोहोंस ‘आक्षेपार्ह नाव’ या एकाच सदरात घालणे हे अभ्यासकास शोभणारे नाही.

राज्यशासनाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती करून मद्य विकणाऱ्या आस्थापनांस थोर व्यक्तींची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. पूज्य नावांची अप्रतिष्ठा टाळणे हा तिचा उद्देश. खारघरसारखे नाव तिच्या कक्षेत येत नाही.