रेडलायनिंग : पत माणसाची की पत्त्याची?

कर्ज मागणाऱ्याची ऐपत न तपासता केवळ तो कोणत्या वस्तीत राहतो, यावरून त्यास कर्ज, विमा वा अन्य सेवा नाकारणे, या प्रथेस ‘रेडलायनिंग’ म्हणतात. (सीनाकाठच्या नगरकरांना परिचित असलेली लाल पूररेषा निराळी, ती शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखविते.)

शब्द अमेरिकेतला. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगात, म्हणजे ‘धोकादायक’ म्हणून दाखविल्या गेल्या. १९६८ च्या कायद्याने गृहकर्जातील वंशभेद बेकायदा ठरला, तरी प्रथेची रूपे पालटत गेली. विमा नाकारणे हे एक रूप. त्याच वस्त्यांना जाचक व्याजाची कर्जे गळ्यात मारणे, हे ‘उलटे रेडलायनिंग’. आता पिनकोडवरून जोखीम मोजणारी संगणकप्रणालीही हेच करू शकते.

भारतात असा अधिकृत नकाशा नाही. मात्र काही बँकांनी मुस्लिमबहुल भागांना ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्र’ ठरविल्याची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात रेषा आखली ती प्रथम पावसाने आणि कालव्यांनी. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस. दक्षिणेस जामखेड, पाथर्डी, कर्जतकडे अवर्षण. पीककर्जाचा दर पिकागणिक ठरतो, साहजिकच उसाला एकरी अधिक, ज्वारीला कमी. यास काटेकोर अर्थाने रेडलायनिंग म्हणता येणार नाही. मोजमाप पिकाचे आहे, गावाचे नव्हे. जिरायत शेतकऱ्याच्या हाती मात्र कमीच रक्कम पडते.

गावावर बेतलेली खरी रेषा होती ती ‘सेवाक्षेत्र’ योजनेची. १९८९ पासून देशभर प्रत्येक ग्रामीण शाखेस साधारण १५ ते २५ गावे नेमून दिली गेली. हेतू उलट, कोणतेही गाव वाऱ्यावर राहू नये, असा होता. पण नेमलेली शाखा उदासीन असली, तर शेजारच्या बँकेचे दार शेतकऱ्याला सहजी उघडत नसे. शासकीय योजना वगळता हे बंधन रिझर्व्ह बँकेने २००४ च्या अखेरीस काढले.

दार बंद झाले की उरतो सावकार. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत सरकार, सहकारी संस्था व व्यापारी बँका मिळून शेतकऱ्यांच्या कर्जातील वाटा जेमतेम ७.३ टक्के आढळला होता. त्याच सुमारास, १९५० मध्ये, प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तो उभा राहिला तोही पाण्याच्या बाजूला.